आधी अंडी दाखवा

पार्किंगमधल्या शेवाळाकडे आपण बघतो ते पाय घसरू नये एवढ्यापुरतं. जपानमधल्या त्सुरुओका शहरात राहणाऱ्या काझुहारू अराकावा या शास्त्रज्ञानं मात्र आपल्या इमारतीच्या पार्किंगमधलं शेवाळ उचलून थेट प्रयोगशाळेत नेलं. त्यात जलअस्वलं निघाली. जलअस्वल, म्हणजे टार्डिग्रेड : आठ पायांचा, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा गुबगुबीत जीव. वाळून मेल्यासारखा पडून राहतो, पाणी मिळालं की उठून चालू लागतो.

या पराक्रमाचं कौतुक खूप झालं. मला त्याच्या बारशाची भानगड जास्त आवडते. कारण ही मंडळी एकमेकांची कार्बन कॉपी. नखं तपासा, घशाच्या नळीची रुंदी मोजा, तरी दोन जातींत फरक सापडेलच असं नाही. मग म्हणायचं, अंडी दाखवा! अराकावांच्या जलअस्वलाच्या अंड्यावर सगळीकडे बारीक उंचवटे, आणि त्यांच्या माथ्यावरून लवचीक धागे निघालेले. (आई साधी आणि अंडं नटवं, हा प्रकार मला फार गोड वाटतो.) पण असे धागे आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या दोन जातींच्या अंड्यांवरही असतात. शेवटी डीएनएचे चार तुकडे वाचले, तेही वेगळे निघाले, आणि 2018 मध्ये त्सुरुओका ज्या भागात आहे त्या शोनायवरून नाव पडलं, मॅक्रोबायोटस शोनायकस.

म्हणजे डीएनए वाचला की काम फत्ते? छे. इंग्लंडमध्ये बोल्टनजवळच्या तळ्यातून 1987 मध्ये आणलेल्या जलअस्वलांचा वंश जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतोय. त्यांना सगळे हिप्सिबियस डुजार्डिनी म्हणत. हे नाव 1840 मधलं, फ्रान्समधल्या प्राण्याचं, आणि त्याचं मूळ वर्णन इतकं मोघम की कुणालाही लागू पडावं. 2015 मध्ये या वंशाचा अख्खा जनुकसंच वाचून झाला, त्यात परक्या जीवाणूंची भेसळ किती यावर दोन गट कडाकडा भांडले, पण प्राण्याच्या नावावर कुणी अडलं नाही. मग कुणीतरी फ्रान्समधून अस्सल डुजार्डिनी आणून दोघांची शरीरं आणि डीएनए शेजारी ठेवले. बोल्टनवाला निराळाच! 2018 मध्ये त्याला स्वतःचं नाव मिळालं, हिप्सिबियस एक्झेम्प्लॅरिस.

जुने शोधनिबंध अर्थात छापून झालेत. त्यात डुजार्डिनी दिसला की आधी विचारायचं, प्रयोगशाळेतला की फ्रान्सचा?