बुडाशी ओला गोल

तीन महिने रोज वापरात असलेला आमचा एक स्टोनवेअरचा, म्हणजे चढ्या आचेवर घट्ट भाजलेल्या मातीचा, मग परत आला. तक्रारी दोन: टेबलावर ओला गोल उमटतो, आणि मायक्रोवेव्हमध्ये चहा कोमट असतानाच कान चटका देतो. दुसरी ऐकली आणि संशय ग्लेझवरून, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपावरून, मातीवर गेला. नीट भाजलेली कोरडी माती मायक्रोवेव्हमध्ये फारशी तापत नाही. तापतं ते तिच्यात मुरलेलं पाणी.

आतून शाई चोळून पुसली, तर केसाएवढ्या रेघांचं जाळं उमटलं. विकताना त्यात एक रेघ नव्हती. मग ११० अंशांवर पूर्ण वाळवून वजन केलं: ३४२ ग्रॅम. पाच तास उकळत्या पाण्यात आणि पुढे रात्रभर त्याच पाण्यात ठेवून वरवर टिपला: ३६० ग्रॅम. म्हणजे १८ ग्रॅम पाणी, सव्वापाच टक्के. रोजच्या भांड्याला आम्ही दोनच्या वर जाऊ देत नाही. त्याच भट्टीतल्या वरच्या फळीवरच्या मगाचं शोषण जेमतेम एक टक्का निघालं.

माती तीच, ग्लेझ तेच, नोंदवहीत तापमान १२२२ अंश. पण तापमान मोजणारं थर्मोकपल भट्टीच्या वरच्या भागात, आणि कोनही (पुरेशी आच मिळाली की वाकणारा छोटा मातीचा सुळका) आम्ही वरच्याच फळीवर लावला होता. हा मग होता खालच्या फळीवर; ती जवळजवळ तळाला टेकलेली, तीवर ताटल्या खच्चून भरलेल्या. पुढच्या भाजणीत मुद्दाम खालीही सहा नंबरचा कोन ठेवला. वरचा पार वाकला, खालचा ताठ उभा. आकडा दाखवणाऱ्या यंत्रावर विसंबून कोन वाचवणं हा आमचा निव्वळ आळस.

उलगडा असा: प्रत्येक धुण्यात बुडाच्या बिनग्लेझच्या कडीतून पाणी आत शिरत होतं. कच्ची राहिलेली माती ओलाव्यानं किंचित फुगते, ग्लेझ ताणलं जातं आणि शेवटी तडकतं. आधी पाणी बाहेरून आत गेलं, मग चहा आतून बाहेर आला. हे व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून दुकानात कळत नाही. कपाटात शोभेला ठेवला असता तर कधीच कळलं नसतं. मिंगेई या जपानी लोककला-चळवळीचे यानागी सोएत्सू म्हणायचे की भांडं वापरानं खुलतं. वापरानं ते उघडंही पडतं, आणि हाताच्या भांड्याची खरी परीक्षा मला तरी तीच वाटते.

बदली मग देऊ केला, तर गिऱ्हाइकाला नको होता. कानावर अंगठा टेकायला दिलेला खोलगट दाब नेमका त्याच हाताला बसला होता. मग तोच पुन्हा भाजायचा ठरला. यात घाई नडते: आत पाणी राहिलं तर वाफेनं ग्लेझ उडतं, प्रसंगी भांडं फुटतं. दोन दिवस वाळवला, भट्टीत सहा तास शंभर अंशांखाली ठेवला, मग हळूहळू वर नेऊन शेवटी वीस मिनिटं तापमान रोखलं. फळीखाली दोन इंची टेकू दिले, आजूबाजूला जागा सोडली आणि आता प्रत्येक फळीवर कोन असतो.

शाई आणि चहाचे डाग जळून गेले, रेघा भरून आल्या. ९६ मिलिमीटर उंची ९४ झाली, कारण राहिलेलं आकुंचन आता पुरं झालं. शोषण १.२ टक्के. पाण्यानं भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवला. सकाळी कागद कोरडा होता.