कोलंबोची वही: 'पुन्हा आलेले'

'कोलंबो' या अमेरिकन पोलीस-तपासाच्या टीव्ही मालिकेच्या भागांची वही करतोय, तिच्यात या खेपेला 'पुन्हा आलेले' असा कलाकारांचा रकाना वाढवला. या मालिकेत खून कोणी केला ते सुरुवातीलाच दाखवून टाकतात. त्यामुळे पाहुणा कलाकार नुसता तोंडी लावायला नसतो, अर्धा भाग त्यालाच ओढायचा असतो. कोलंबो झालेल्या पीटर फॉकसमोर टिकणारा खुनी सापडला की मंडळी त्याला सोडत नसत.

जॅक कॅसिडी तीनदा खुनी: १९७१, १९७४, १९७६. (पहिल्या भागाचा दिग्दर्शक २४ वर्षांचा स्पीलबर्ग, हे सगळ्यांना पाठच आहे, पुढे चला.) रॉबर्ट कल्पही तीनदा, आणि १९९० मध्ये आला तो खुनी पोराचा बाप होऊन. पॅट्रिक मॅकगूहनने मात्र कहर केलाय! चार वेळा खुनी, पाच भागांचं दिग्दर्शन आणि दोन एमी (टीव्हीचे पुरस्कार). 'आयडेंटिटी क्रायसिस' या भागात तो 'बी सीइंग यू' म्हणतो, ते थेट त्याच्याच 'द प्रिझनर' या मालिकेतलं.

खुनी नसलेल्यांत माझा लाडका व्हिटो स्कॉटी. १९७३ मध्ये भपकेबाज रेस्तराँचा मुख्य वेटर, १९७४ मध्ये अंत्यविधीचा धंदा करणारा, त्याच वर्षी रस्त्यावरचा बेवडा. एकूण सहा भागांत आहे, दर वेळी नवा माणूस.

सगळ्यात जास्त वेळ गेला 'फॉरगॉटन लेडी'वर (१९७५). न पाहिलेल्यांनी हा परिच्छेद गाळा. जुनी नटी ग्रेस, म्हणजे इथली खुनी, घरच्या पडद्यावर आपला तरुणपणीचा सिनेमा बघते. तो सिनेमा नकली नाही, ग्रेस झालेल्या जॅनेट लीचाच १९५३ चा 'वॉकिंग माय बेबी बॅक होम' आहे. आणि तो नुसता शोभेला ठेवलेला नाही. फिल्म मध्येच तुटते, पण लगेच जोडली जात नाही, म्हणजे ग्रेस तेव्हा खोलीत नव्हती. कोलंबो तिथेच तिचं खोटं ओळखतो. भाग थांबवून त्या सिनेमातला तिचा नाच आणि तिचा आताचा चेहरा आलटूनपालटून बघितला; अभिनय कुठला आणि खरं कुठलं, सांगता येत नाही.

१९८९ नंतरचे बरेच भाग अजून वहीत उतरवायचेत. तोवर एक पेच: शेरा डनीस सहा भागांत दिसते. १९७६ मध्ये पहिल्यांदा आली तेव्हा पाहुणी होती, १९७७ मध्ये फॉकची बायको झाली. तिला 'पुन्हा आलेले'मध्ये घालू, की 'घरचे' म्हणून वेगळा रकाना आखू?