आबांच्या कीर्तनांसाठी चार टीबीची डिस्क : बसवणं, तपासणं, भरणं

आबांच्या कीर्तनांच्या १४२ कॅसेटपैकी ९१ डिजिटल झाल्या आणि काम थांबलं, कारण जागाच संपली. मी ९६ किलोहर्ट्झ (आवाजाचे सेकंदाला ९६ हजार नमुने), २४ बिटला रेकॉर्ड करते. मिनिटाला साधारण ३४.५ एमबी, म्हणजे ९० मिनिटांची एक कॅसेट ३.१ जीबी खाते. त्यात मूळ फाईल वेगळी आणि खरखर काढलेली वेगळी, म्हणजे दुप्पट. कॅसेटला ४८ किलोहर्ट्झ पुरेत असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात. ऐकण्यापुरतं ते खरंच आहे, पण टिकटिक काढणाऱ्या सॉफ्टवेअरला जास्त नमुने दिले की झांजेचा ठोका आणि टेपची टिकटिक यांत ते कमी गोंधळतं, हा माझा अनुभव आहे.

जागेपेक्षा मोठी काळजी जुन्या एक टीबी डिस्कची होती. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या ‘स्मार्ट’च्या यादीत ‘रीअलोकेटेड सेक्टर’ (खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा) जानेवारीत ८ होते, आता ४० झाले. ‘करंट पेंडिंग’ (वाचायला अडणाऱ्या संशयित जागा) १६. पहिला आकडा आहे तिथेच राहिला तर डिस्क वर्षानुवर्षं चालू शकते. तो वाढायला लागला की थांबू नये. कॅसेट खराब होते ती हळूहळू: आधी वरचे स्वर मंद होतात, मग आवाज डोलतो, तरी शब्द कळतात. हार्ड डिस्क मात्र काल चालत असते आणि आज नसते.

नवी डिस्क चार टीबीची, साडेतीन इंची, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची घेतली. निवडताना एकाच गोष्टीवर अडून बसले: सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी) हवी, एसएमआर नको. एसएमआरमध्ये डेटाचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, आणि मोठं लिखाण चालू असताना वेग कोसळतो. खोक्यावर हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. पुण्यात तपकीर गल्लीतल्या दुकानातही काउंटरवर कुणाला सांगता आलं नाही. मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या तांत्रिक पत्रकात शोधावं लागलं.

शनिवार सकाळ. पीसी बंद केला, मागची वायर काढली, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरलं, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला आणि मगच डिस्क पिशवीतून काढली. दोन तऱ्हेचे स्क्रू एकाच डबीत असतील तर आधी वेगळे करा. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचे लागतात, डीव्हीडी ड्राइव्ह आणि अडीच इंची एसएसडीला (फिरती तबकडी नसलेल्या डिस्कला) बारीक आट्यांचे. चुकीचा स्क्रू जोर लावून फिरवला तर आटे कायमचे जातात. पॉवरसाठी एसएमपीएसचीच (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचीच) साटा वायर वापरली; साटा म्हणजे डिस्क जोडायची हल्लीची पद्धत. जुन्या चार पिनांच्या जोडणीवरून साटा करून देणारे स्वस्त अडॅप्टर मिळतात, त्यातले प्लास्टिक ओतून बनवलेले तर अजिबात नकोत. आतल्या तारा एकमेकींना चिकटून वितळल्याची उदाहरणं आहेत.

बसवायला वीस मिनिटं लागली. पुढचे दोन तास डिस्क दिसतच नव्हती.

बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) जुनी डिस्क होती, डीव्हीडी होता, पाचव्या पोर्टसमोर मात्र रिकामी जागा. डिस्कवर बोट ठेवलं तर बारीक थरथर लागत होती, म्हणजे पॉवर पोचत होती आणि ती फिरत होती. डेटा केबल बदलली, तरी नाही. जुन्या डिस्कची चालती केबल लावली, तरी नाही. शेवटी मदरबोर्डचं मॅन्युअल काढलं. साटाच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: एम.२ खाचेत (थेट मदरबोर्डवर एसएसडी बसते त्या जागेत) एसएसडी असेल तर साटा ५ आणि ६ बंद राहतील. माझी विंडोज त्याच एसएसडीवर आहे! बऱ्याच बोर्डांवर चिपसेटकडून येणाऱ्या वाटा मोजक्याच असतात आणि त्या एम.२ व साटात वाटून घेतलेल्या असतात. तिसरं-चौथं पोर्ट ग्राफिक्स कार्डाखाली दडलेलं म्हणून मी सोयीचं पाचवं घेतलं होतं. कार्ड काढलं, केबल तिसऱ्यात लावली, कार्ड परत बसवलं. डिस्क दिसली. नवी डिस्क दिसत नसेल तर दुकानात परत न्यायच्या आधी मॅन्युअलमधलं हे एक पान वाचा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे ते. नवी डिस्क नवी आहे म्हणून लगेच तिच्यावर डेटा टाकू नका. वाहतुकीत आपटलेली किंवा कारखान्यातूनच कच्ची निघालेली डिस्क बरेचदा सुरुवातीच्या दिवसांतच बोलते, आणि ते दिवस तिच्यावर काही मोलाचं नसताना गेलेले बरे.

पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने पीसी सुरू केला. स्मार्टची यादी वाचणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल’ने चालू तास जेमतेम सकाळच्या खटपटीपुरतेच दाखवले, म्हणजे डिस्क नवीच असावी. मग डिस्कची स्वतःची लांब चाचणी, साधारण आठ तास. ती पार पडल्यावर ‘बॅडब्लॉक्स’ (डिस्कवरची प्रत्येक जागा तपासणारं साधन), तेही लिहिणाऱ्या पद्धतीने. ही पद्धत डिस्कवरचं सगळं पुसते, त्यामुळे सुरू करायच्या आधी मी जुन्या डिस्कची आणि डीव्हीडीची डेटा केबल काढून ठेवली. लिनक्स डिस्कना देतं ती एसडीए, एसडीबी ही नावं पीसी परत सुरू केल्यावर बदलू शकतात, म्हणून डिस्कच्या लेबलवरचा सिरियल नंबर पडद्यावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. एवढं झाल्यावर एंटर.

सुरुवातीला वेग सेकंदाला १८० एमबी, शेवटाकडे ९०च्या आत. यात बिघाड काही नाही. तबकडीचा बाहेरचा घेर मोठा, एका फेरीत जास्त सेक्टर जातात. आत शिरावं तसा घेर लहान होतो. बॅडब्लॉक्स ठरलेल्या आकड्यांचे चार नमुने एकेक करून पूर्ण डिस्कवर लिहून परत वाचतं, म्हणजे आठ फेऱ्या, अडीच दिवसांहून जास्त. आईने दोनदा विचारलं, “अगं, हे अजून चालूच आहे?”

सोमवारी संध्याकाळी वळीव आला आणि दिवे गेले. यूपीएसने दहा-बारा मिनिटं ओढली, वीज आली अर्ध्या तासाने. चाचणी दुसऱ्या नमुन्यावर तुटली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, पण या वेळी एकाच नमुन्याची: एकदा लिहिणं, एकदा वाचणं, सोळा तास. चारही नमुने पूर्ण व्हायला हवे होते, पण मे महिन्यात पुण्यात सलग अडीच दिवस वीज टिकेल या भरवशावर मला थांबायचं नव्हतं. पहिल्या प्रयत्नात एक नमुना आधीच पूर्ण झाला होता, तोही निर्दोष. तापमान ४७ अंशांवर गेलं तेव्हा डिस्क एक खण खाली, पंख्यासमोर घेतली, ४१ झालं. शेवटी चूक शून्य, रीअलोकेटेड शून्य, पेंडिंग शून्य.

विंडोजमध्ये डिस्क मांडताना जीपीटी (डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची नवी पद्धत) निवडलं. एमबीआर या जुन्या पद्धतीवर दोन टीबीपुढची जागा हाताला लागत नाही. चारऐवजी ३.६३ दिसतात ते बरोबरच आहे: कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या.

कॉपी बुधवारी रात्री. प्रत्येक मूळ फाईल तयार होते त्याच दिवशी मी तिचा हॅश (फाईलमधल्या डेटावरून निघणारा ठशासारखा आकडा) काढून ठेवते, त्यामुळे नव्या डिस्कवर पोचलेली फाईल तीच आहे का हे मोजून ठरवता येतं. ९१ कॅसेटच्या दोन्ही बाजू, म्हणजे १८२ मूळ फाईली. १८१ जुळल्या. एकीवर जुनी डिस्क अडली, आतून टकटक आवाज आला आणि ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ची (डेटा नीट वाचता न आल्याची) चूक दाखवून कॉपी थांबली. तीन वेळा प्रयत्न केला. पेंडिंग १६चे २४ झाले तेव्हा तिला आणखी ताण द्यायचं बंद केलं.

ती फाईल ६७व्या कॅसेटची दुसरी बाजू, उत्तररंग. खरखर काढलेली प्रत शाबूत आहे, पण मला मूळ हवं आहे. सॉफ्टवेअरने खरखरीबरोबर काय काय नेलं ते मुळाशिवाय कळत नाही. कॅसेट घरातच आहे. तिच्यातल्या, टेप हेडवर दाबून धरणाऱ्या पट्टीचा फेल्ट मागच्या वेळी सुटला होता, तो नव्याने चिकटवला. काल डेकचं हेड स्पिरिटने पुसलं, टेप एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून सैल केली, आणि आज दुपारी रेकॉर्डिंग लावलं. पूर्वरंग संपून बुक्का लावण्याची गडबड पहिल्या बाजूला होते, दुसरी सुरू होते ती थेट पेटीच्या सुरावर. आई शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “हा खोकला आबांचा नाही, पेटीवाल्या काकांचा.” फाईलच्या माहितीत तेवढं लिहून ठेवलं.

आता बॅकअपची दुसरी डिस्क भावाकडे नाशिकला ठेवायची आहे. पुढच्या महिन्यात तीही घेईन आणि पुन्हा तेच सोळा तास. उरलेल्या ५१ कॅसेटपैकी उद्या ९२वी.