लालबाग ते वडाळा

आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चाललेय मी, दिवेघाट, वाखरी सगळं, आणि यंदा आषाढीला लालबागहून वडाळ्याच्या विठोबापर्यंत जमेल का या विचारानं आदल्या रात्री डोळ्याला डोळा नाही. टेम्पोनं उडवलं तेव्हापासून डाव्या मांडीत रॉड आहे आणि गुडघा अर्धाच वाकतो. चाळीचा जिना उतरतानाच घाम फुटला, उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला, हे फिजिओवाल्या ताईंनी घोकून घेतलंय म्हणून निभावलं.

टाळ नाही घेतले. काठी धरली की टाळ कसे वाजवणार? नुसतं तोंडानं म्हणत होते. भारतमाता, हिंदमाता, दादर टीटी कधी मागे पडलं कळलंही नाही.

न विचारता कोणी हात धरला की मला राग येतो. पाय डावा म्हणून काठी उजव्या हातात असते आणि लोक नेमका तोच दंड पकडतात, मग तोलच जातो. तीन-चार जणांना सांगितलं, काका, काठीचा हात सोडा, डावीकडून चला, थोडं मागे. एकजण रुसले. रुसू देत, पडले असते तर पुन्हा ऑपरेशन माझंच झालं असतं.

फाइव्ह गार्डन्सच्या अलीकडे पाऊस आला. मोजा भिजला, टाच घासायला लागली, इतकी की पाऊल टेकवेना. दिंडी पुढे गेली. मी कठड्यावर टेकले, पण बुटापर्यंत माझा हातच पोचत नाही, घरी लेक काढते. शेजारी एक आजोबा राजगिऱ्याचा लाडू खात बसलेले, धोतर, गळ्यात तुळशीची माळ, माझ्या वडिलांपेक्षा मोठे. त्यांना कसं सांगायचं? घसा कोरडा पडला. शेवटी म्हटलं, बाबा, माझा बूट काढून द्याल का?

लाडू पिशवीत ठेवला, ओल्या फुटपाथवर बसले आणि माझा पाय सरळ मांडीवर घेतला. मी म्हणतेय, अहो बाबा, पायाला हात नका लावू. तर म्हणाले, "सकाळपासून कितीजणांच्या पाया पडलोय माऊली, तुमचाच राहिला होता."

उपरण्यानं टाच पुसली. फोड आला होता, म्हणाले फोडू नका, पाणी आत राहू दे. दुसऱ्या दिंडीतल्या एका बाईकडून पट्टी मागून आणली, मोजा पिळून घातला, नाडीला दोन गाठी मारल्या, घट्ट होतेय का विचारलं. हॉस्पिटलात भांडं मागताना, अंग पुसायला सांगताना मी दात आवळून पडलेली असायचे, तिथे कधी रडले नाही, इथे भर रस्त्यात हुंदके आले. तेवढ्यात मागून एका बाइकवाल्यानं हॉर्नवर हॉर्न लावला, त्याला मी आणि आजोबा दोघांनी मिळून झापलं.

कात्रक रोडवर रांगच रांग. मीच जाऊन स्वयंसेवकाला म्हटलं, दादा, उभं राहवत नाही, खुर्ची मिळेल का? प्लास्टिकची मिळाली. रांग सरकली की मागची मुलगी ती खुर्ची पुढे सरकवायची, कंटाळली नाही पोरगी. देवळाच्या उंबऱ्याशी वाकता येईना, तिलाच म्हटलं, माझ्या वतीनं डोकं टेकशील का गं? तिनं दोनदा टेकलं. आत विठोबा डोळे भरून बघतेय तोच चला चला, पुढे चला सुरू झालं आणि गर्दीनं आम्हाला दोघींना बाहेर काढलं.