तुम्ही विचारलंत म्हणून: हा आकार दिसण्यासाठी की आवाजासाठी?

मी स्पीकर बनवते, चौकोनी नसलेले. प्रदर्शनात विचारतात, घरी आलेले पाहुणे विचारतात, परवा तर बँकेत कर्जाच्या कागदांवर सह्या करताना साहेबांनीही विचारलं. स्पीकरचा फोटो बघायचा, मान जराशी तिरकी करायची आणि म्हणायचं, "छान आहे हो, पण हा आकार दिसण्यासाठी केलाय की आवाजासाठी?" दिसण्यासाठी म्हटलं तर मी शोभेच्या वस्तू विकणारी ठरते, आणि आवाजासाठी म्हटलं तर समोरच्याच्या चेहऱ्यावर "असं होय" उमटतं.

बारा वर्षं मी "आवाजासाठी" असंच सांगत आले. पहिल्या माहितीपत्रकात तर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "यातलं एकही वळण दिसण्यासाठी नाही." ते पत्रक अजून काही जणांच्या घरी असेल. ते वाक्य खरं नव्हतं. पण म्हणून तुमची शंका बरोबर ठरते, असंही नाही.

नेहमीच्या स्पीकरच्या चौकोनी खोक्याला दोन दुखणी असतात. एक आतलं. समोरासमोरच्या भिंतींमध्ये 34 सेंटिमीटर अंतर असेल, तर 500 हर्ट्झच्या आसपास आतली हवा घुमायला लागते. लोकर भरून ते बऱ्यापैकी आवरता येतं. दुसरं दुखणं बाहेरचं आणि जास्त चिवट. ड्रायव्हरमधून, म्हणजे आवाज काढणाऱ्या थरथरत्या पडद्यातून, निघालेली लाट समोरच्या फळीवरून पसरत कडेपर्यंत येते, तिथे फळी संपते आणि त्या कडेवरून आवाज पुन्हा निघतो. म्हणजे एक गाणारी मधोमध, आणि तिच्या क्षणभर मागून तेच म्हणणारी दुसरी कडेवर. दोघींचं कुठल्या सुराला जुळतं, कुठल्या सुराला खटकतं.

अमेरिकी ध्वनितज्ज्ञ हॅरी ओल्सन यांनी 1951 मध्ये वेगवेगळ्या आकारांच्या कॅबिनेटमध्ये स्पीकर लावून मोजमापं प्रसिद्ध केली. कुठला सूर किती जोरात निघतो, ते दाखवणारी रेघ. घनाकृती खोक्याची रेघ भयंकर वरखाली, गोलाची सर्वांत शांत. शिकत असताना ते चित्र मी वहीत उतरवून घेतलं आणि खाली लिहिलं, "गोल चांगला." या दोन शब्दांनी माझी चार वर्षं घेतली. आपल्या भाषेत चेंडूही गोल आणि ताटही गोल. ओल्सन यांचा गोल चेंडूचा होता. मी केलं ते ताट.

माझे मामा पेणचे मूर्तिकार. आमच्या पहिल्या स्पीकरचं रूप त्यांचं आहे, माझं नाही. 34 सेंटिमीटरची तबकडी, समोरून सपाट, मागून शिंपल्यासारखी फुगीर, मधोमध पाच इंची ड्रायव्हर आणि त्याच्याच पोटात बारीक सुरांचा ट्विटर. जाड सुरांचा वूफर खालच्या बैठकीत. मामांनी शाडूचा नमुना केला, त्यावरून साचा काढला आणि साच्यात आम्ही फायबर घातलं. भिंत दुहेरी, मधल्या पोकळीत भाजून कोरडी केलेली वाळू. बोटाच्या पेराने टकटक करा, घराच्या भिंतीवर केल्यासारखी वाटते. (मिरजेच्या तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं का करत नाही, असंही मला विचारतात. भोपळ्याचं काम बोलायचं आहे. स्पीकरच्या पोटाचं काम गप्प बसायचं. त्याने स्वतःचं काही बोलायचं ठरवलं की तंबोरा तुमच्यापर्यंत पोचतच नाही.) मामा त्या तबकडीला चंद्र म्हणायचे. मीही म्हणायला लागले.

मोजणी रात्री दोननंतर गच्चीवर केली, कारण पुण्यात त्याआधी रस्ता शांत होत नाही. शिडीवर चंद्र, एक मीटरवर माइक, खालून वर चढत जाणारा सूर. 1000 हर्ट्झला टेकडी होती आणि 2000 ला सहा डेसिबलची खळी. गणित शाळेतलं आहे. मध्यापासून कड सगळीकडे सारखीच, 17 सेंटिमीटर लांब, आणि 2000 हर्ट्झच्या लाटेची लांबीही तितकीच. कडेवरून समोर येणारी लाट उलटी होऊन निघते, उंचवट्याच्या जागी खळगा. म्हणून संपूर्ण कडेवरून परत निघालेला आवाज एकाच क्षणी समोर पोचतो आणि मूळ आवाजाला खातो. खोक्यात निदान बाजू वेगवेगळ्या अंतरावर असतात. मी सगळ्या बाजू एका अंतरावर आणून ठेवल्या होत्या.

तेव्हा मी काय केलं ते सांगते, कारण हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मामांना काहीही न बोलता मी ॲम्प्लिफायरच्या प्रोसेसरमध्ये 2000 हर्ट्झ वर उचलला, म्हणजे तेवढाच सूर मोठा केला. माइकसमोर रेघ सरळ झाली. तीच रेघ छापून माहितीपत्रकात लावली, त्या वाक्याच्या शेजारी.

पहिली जोडी नाशिकच्या एका काकांनी घेतली. निवृत्त, गाण्याचे दर्दी, खोलीच्या मधोमध एक खुर्ची फक्त ऐकण्यासाठी ठेवलेली. ते खूश. काकू मात्र पहिल्या आठवड्यापासून म्हणत होत्या की बाईचा आवाज चिरतोय. काकांनी हे मला फोनवर हसत सांगितलं आणि मीही हसले. तीन महिने हेच चाललं. शेवटी मी एकदा नाशिकला गेले, ते काकूंच्या तक्रारीसाठी नव्हे, तर वूफरची वायर बदलायला.

दुपारची वेळ. काकू स्वयंपाकघराच्या दारापाशी, स्पीकरच्या बाजूला बऱ्याच तिरक्या, जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत बसल्या होत्या. मी एक ठुमरी लावली. मी म्हटलं, "काकू, इथे या ना, या खुर्चीत बसून ऐका, चिरत नाही." त्यांनी जुडीचा दोरा सोडवला, वर न बघता म्हणाल्या, "मी कधी बसते गं तिथे?"

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. खरोखर चिरत होता. तार सप्तकात प्रत्येक "ई" कानात टोचत होती.

कारण साधं होतं आणि ते मला आधीच कळायला हवं होतं. खळी फक्त समोर होती. बाजूला बसलं की कडेचा प्रत्येक भाग वेगळ्या अंतरावर जातो, परतीचे आवाज मागेपुढे होतात, खळी भरून येते. मी उचललेला 2000 हर्ट्झ मात्र सगळीकडे जात होता, दाराकडे, भिंतींवर, मेथीच्या पेपरावर. एका खुर्चीतली रेघ सरळ करण्यासाठी मी उरलेलं घर वाकडं केलं होतं. काकू तीन महिने तेच सांगत होत्या आणि आम्ही दोघं जाणकार हसत होतो. त्या काय म्हणत होत्या हे काकांना त्या दिवशीही पटलं नाही. मी जोडी परत आणली आणि पैसे दिले.

मग मामांकडे गेले. आधी कड गोल घासून पाहिली, दोन सेंटिमीटर. 17 सेंटिमीटरच्या लाटेला तेवढं वळण जाणवतही नाही. मग ड्रायव्हर मध्यापासून पाच सेंटिमीटर सरकवायचं ठरवलं. कागदी चंद्रावर नवं भोक आखून मामांसमोर ठेवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "डोळा सरकवलास."

पेणला ज्यांनी कारखाने पाहिलेत त्यांना हे वाक्य कळेल. सगळी मूर्ती रंगवून झाल्यावर शेवटी डोळ्यांची आखणी होते, आणि ती करणारा हात कारखान्यात एखादाच असतो. मामांचा तो हात होता. मी त्यांना आलेख दाखवत होते आणि ते मला सांगत होते की याची नजर गेली. मी चिडले. म्हटलं, आवाजासाठी करायचंय ना आपल्याला? ते म्हणाले, "मग खोका कर."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोक्यात ड्रायव्हर मध्यापासून बाजूला लावून, कडा मोठ्या वळणाच्या करून चांगला आवाज निघतो, आणि तो स्वस्त पडतो. तरी मी खोका करत नाही. 1993 मध्ये बॉवर्स अँड विल्किन्स या ब्रिटिश कंपनीने लॉरेन्स डिकी यांनी घडवलेला 'नॉटिलस' स्पीकर आणला, शंखाच्या गुंडाळीसारखा. ड्रायव्हरच्या पाठचा आवाज निमुळत्या नळीत जिरवायचा, ही त्यामागची कल्पना. वूफरची नळी लांबलचक, ती सरळ ठेवली तर खोलीत मावेना, म्हणून गुंडाळली. गुंडाळण्याला कारण आहे. पण इतक्या डौलाने गुंडाळण्याला? ते कुठल्या समीकरणात बसतं, ते मला दाखवा. डौल काढून घेतला असता तर ती नळी कुणी दिवाणखान्यात ठेवली असती का? आणि जो स्पीकर माळ्यावर जातो त्याचा आवाज कितीही शुद्ध असला तरी काय उपयोग, असं मी स्वतःला सांगते. ते पूर्ण पटतं असं नाही.

पुढच्या वर्षी मामांनी नवा नमुना केला. वर निमुळता, एका अंगाला झुकलेला, ज्याला मध्यच नाही. ड्रायव्हर जिथे आहे तिथून कड एका बाजूला नऊ सेंटिमीटर, दुसरीकडे वीस. खळी जवळजवळ गेली. आता लोक फोटोत बघतात तो हाच. मी आता पहिलं मोजमाप समोरून घेत नाही. माइक बाजूला, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या कानाइतक्या उंचीवर ठेवते.

मग यातलं कुठलं वळण कशासाठी? डावीकडचा उतार आवाजासाठी, तो मोजून आला. वरचं टोक मामांचं, त्याने आवाजात काही होत नाही, मी ते काढून मोजलंय. मागची चुणी त्यांनी का ठेवली ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तिच्यामुळे भिंत ताठ झाली हे मला नंतर दिसलं. ही चुणी कुठल्या खात्यात टाकू?

परत आणलेला चंद्र माझ्या दिवाणखान्यात आहे. उचललेला 2000 हर्ट्झ मी काढून टाकला, म्हणजे समोर खळी तशीच आहे. मामा पुण्याला आले की बरोबर त्याच्यासमोर बसतात, खळीच्या तोंडाशी, आणि म्हणतात, "हाच चांगला होता." मी चहा घेऊन बाजूला, दाराशी बसते. तिथून तो खरंच चांगला ऐकू येतो.