अर्थच्या वायरीत १२ व्होल्ट

‘एका लाल दिव्यासाठी अख्खा डॅशबोर्ड खोलला? बल्ब काढून टाकायचा ना!’ आळीपाळीने सगळ्यांनी विचारून झालं, म्हणून एकदाच लिहितो.

बल्ब नाही, पण वायर मी काढली होती. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

हँडब्रेक खाली असूनही गाडीच्या डॅशबोर्डवरचा ब्रेकचा इशाऱ्याचा दिवा जात नव्हता. सर्किट म्हणाल तर पोरखेळ. इग्निशनचा करंट बल्बला, आणि बल्बातून निघालेल्या वायरीला दोन फाटे: एक हँडब्रेकच्या स्विचला, दुसरा ब्रेकच्या पाइपांमधल्या प्रेशर स्विचला. दोघांपैकी कुणीही वायर बॉडीला, म्हणजे अर्थला, टेकवली की दिवा लागतो. हँडब्रेकचा फाटा सोडवला, दिवा तसाच. प्रेशर स्विचचा कनेक्टर उपटला, विझला. इथवर डोकं ठिकाणावर होतं. मग त्या सुट्या टोकाला मीटर लावला तर १२ व्होल्ट! अर्थला जाणाऱ्या वायरीत करंट? आधीच्या मालकाच्या नावाने बोटं मोडत मी टोकाला टेप गुंडाळली आणि बॉनेट लावलं.

अहो, करंट वाहतच नसेल तर बल्ब व्होल्टेज खाणार कुठून? पलीकडच्या टोकाला पूर्ण १२ दिसणारच. हे मला तेव्हाही येत होतं. कुणी विचारलं असतं तर मीच समजावून सांगितलं असतं.

आठवड्याभराने एका उतारावर पाय नेहमीपेक्षा खूप खोल गेला. गाडी थांबली ती फक्त पुढच्या ब्रेकवर, आणि पुढच्या गाडीपासून हातभर अंतरावर. उतरून मागच्या डाव्या टायरच्या आतून बोट फिरवलं. ब्रेक ऑइल. चाकातला ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर गळत होता. प्रेशर स्विचच्या वाल्व्हमध्ये एक पिस्टन पुढच्या आणि मागच्या ब्रेकच्या प्रेशरच्या मधे तोललेला असतो; मागचं प्रेशर पडल्यावर तो बाजूला सरकून स्विच दाबून बसला होता. दिवा खरं सांगत होता आणि मी त्याच्या तोंडाला टेप लावली होती.

सिलिंडर बदलला, टेप काढून वायर परत जोडली. पुढचा ब्लीड निपल (ब्रेक ऑइल सोडायची तोटी) उघडून पॅडल हलकेच दाबल्यावर पिस्टन मधे आला, दिवा गेला. तिथेच थांबायला हवं होतं, कबूल. पण आता अविश्वास वायरीवर नव्हता, माझ्यावर होता. म्हणून डॅशबोर्ड. आत बल्बला येणारी हिरवी वायर एका सांध्यानंतर चक्क काळी होते. काळी, म्हणजे ब्रिटिश गाड्यांच्या वायरींच्या रंगांत अर्थ! आधीच्या मालकाला दिलेल्या शिव्या अगदीच वाया गेल्या नाहीत.

खड्ड्यातून जाताना दिवा अजूनही क्षणभर लुकलुकतो. हँडब्रेकचा स्विच ढिला असेल. तरी मी उतरतो आणि चारही टायरांच्या आतून बोट फिरवतो.