युरो नंतर, आधी लेकीची इयत्ता

रविवार, रात्री उशिरा

आज दिवसभर घरात एकच विषय, जर्मनीतलं स्टुटगार्ट. नवऱ्याला कंपनीने तीन वर्षांसाठी तिकडे विचारलंय आणि पुढच्या आठवड्यात उत्तर द्यायचंय. नाशिकला तसं यात नवल काही नाही, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली माणसं किती वर्षांपासून जर्मनीला जातायत, आमचे बाबा (सासरे) मायकोत (म्हणजे आताची बॉश) नोझलच्या लाइनवर होते तेव्हा ट्रेनिंगला जाऊन आलेले. पण ते एकटे गेले होते आणि थोडे महिने. आम्ही जाणार ते तिसरीतली लेक आणि चार वर्षांचा मुलगा घेऊन, बिऱ्हाड उचलून.

जो येतो तो युरोला शंभरने गुणतो आणि म्हणतो अरे वा, विचार कसला करताय! मी सीएच्या ऑफिसात काम करते, मला असा एका बाजूचा हिशोब बघवत नाही. म्हणून दुपारी जेवणं आटोपल्यावर एक्सेल उघडून बसले. पगारातून कर, पेन्शन, आरोग्यविमा सगळं आधीच कापून येतं. त्यातल्या त्यात बरं म्हणजे सरकारी विमा घेतला तर न कमावणारी बायको आणि मुलं त्याच हप्त्यात बसतात, वेगळे पैसे नाहीत. शिवाय मुलांसाठी सरकार दरमहा पैसे देतं, किंडरगेल्ड म्हणतात, 2025 मध्ये एका मुलामागे 255 युरो होते, 2026 पासून 259. म्हणजे आमचे दोघांचे मिळून पाचशेच्या वर, हे चांगलंच आहे. पण माझा इथला पगार बंद होणार तो कोणीच धरत नाही. ब्लू कार्डवाल्याच्या (म्हणजे शिकलेल्या नोकरदारांना मिळणारा तिकडचा परवाना) बायकोला तिथे काम करायची परवानगी असते हो, पण जर्मन येत नसताना अकाउंट्सचं काम मला कोण देणार, निदान पहिली एक-दोन वर्षं तरी तो कॉलम शून्यच धरावा लागेल.

घराचं प्रकरण मला वहिनींनी सांगितलं, याच्या सोबत काम करणाऱ्याची बायको, त्या तिकडेच आहेत. तासभर बोलल्या बिचाऱ्या. डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत, आणि ते भाडं म्हणजे हीटिंग, पाणी, जिन्याची सफाई सोडून, ते पैसे वरून. आणि बऱ्याच घरांत स्वयंपाकघर नसतंच! म्हणजे खोली असते पण ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, कपाटं नाहीत, भिंतीतून नुसते पाइप बाहेर आलेले, आधीचा भाडेकरू स्वतःचं सगळं काढून घेऊन गेलेला असतो. त्यांनी पहिले कितीतरी दिवस एका इंडक्शनवर वरणभात केला आणि भांडी बाथरूममध्ये धुतली. मी लगेच एक्सेलमध्ये ओळ वाढवली, किचन.

हे सगळं पैशाचं आहे, जुळवता येतं. मला खरी काळजी लागलीये ती लेकीच्या शाळेची. सरकारी शाळेला फी नाही, हे ऐकून सगळे खूश, इथे गंगापूर रोडला आपण लाखाच्या घरात भरतो, व्हॅनवाल्या काकांचे वेगळे. पण तिथे प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच, आणि चौथीतच ठरतं की मूल पुढे गिम्नाझियमला (विद्यापीठाकडे नेणारी शाळा) जाणार की रेआलशूलला (दहावीपर्यंतची) की आणखी कुठे. शिक्षकांची शिफारस, एक परीक्षा, आई-बापाची इच्छा, असं सगळं मिळून. ज्या मुलांना जर्मन येत नाही त्यांना आधी तयारीच्या वर्गात घालतात, भाषा शिकवतात, हळूहळू मुख्य वर्गात नेतात, पद्धत चांगली आहे, मला आवडली. पण आमची पोरगी भाषा शिकतच असणार आणि तेवढ्यात हा फाटा समोर येणार. दुसरीला असती तर मी एवढा विचार केलाच नसता. इंटरनॅशनल शाळा आहेत, इंग्रजीतल्या, तिथे हा प्रश्न नाही, पण त्यांची फी वर्षाला पाच आकडी युरोंत, कंपनी भरणार असेल तरच, आणि आमच्या ऑफर लेटरमध्ये शाळेबद्दल एक अक्षर नाही. धाकट्याचं बालवाडीचं वेगळंच, बर्लिनला फुकट, स्टुटगार्टला पैसे, आणि जागेसाठी नंबर लावायचा.

आई म्हणाल्या पोरं कुठेही शिकतात गं. शिकतात, मान्य. पण तीन वर्षांनी परत आलो तर ती सहावी-सातवीत असेल, 2020 च्या कायद्याने इथे सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे, तेव्हा मराठी लिहिणं-वाचणं मलाच घरी रोज घ्यावं लागणार. ते मी घेईन. त्याची मला भीती नाही.

आणि शाळा चुकवलेली तिथे अजिबात चालत नाही, सुट्टी लागायच्या आधी विमानात बसलं तर दंड होऊ शकतो. ऑक्टोबरच्या शेवटी जेमतेम आठवडाभर सुट्टी असते, त्यामुळे दिवाळीला यायचं जवळजवळ विसरायचं. यायचं ते ऑगस्टात, तिकिटं सगळ्यात महाग असताना, चार जणांची. सिंहस्थाला आपण नाशकात नसणार हे बाबांना अजून कोणी बोललेलं नाही, मीच सांगेन उद्या.

संध्याकाळी लेकीला मोबाईलवर जर्मन आकडे लावून दिले, वीसपर्यंत पोचली आणि एकवीसला अडली कारण तिथेही आधी एक आणि मग वीस. मग मराठीत मोठ्याने एकवीस म्हणाली, थांबली, आणि पुढचे घडाघडा नव्याण्णवपर्यंत गेली. हिला जमेल असं मला मनापासून वाटतंय, फक्त तिला वेळ मिळायला हवा.

म्हणून रात्री आमचं दोघांचं ठरलं. कंपनी जानेवारीत या म्हणतेय, तिथली शाळा सप्टेंबरात सुरू होते, वर्षाच्या मध्येच पोरीला नेऊन बसवायचं नाही. उद्या हा एचआरला तीन गोष्टी विचारणार, एक तर जॉइनिंग आधीच्या ऑगस्टात होईल का, दुसरं निघण्याआधी लेकीच्या आणि माझ्या जर्मनच्या क्लासचे पैसे देणार का, आणि तीनची पाच वर्षं करता येतील का, म्हणजे एकदा तिथली शाळा पकडली की पोरीला मध्येच उपटून आणावं लागणार नाही. ऑगस्टला नाहीच म्हणाले तर हा जानेवारीत एकटा जाईल, घर बघेल, ओटा बसवेल, आणि आम्ही तिघं इथलं वर्ष पूर्ण करून मागून जाऊ. पगार थोडा कमी-जास्त झाला तरी चालेल, त्यावर अडायचं नाही असं मी त्याला स्पष्ट सांगितलंय.